इंग्रजीचा धडा : 'सेट' एक, अर्थ अनेक



या खेपेचा धडा तीन अक्षरांच्या एका इंग्रजी क्रियापदाचा आहे. एस, ई, टी – सेट. हा शब्द आपणांस परका नाही. पंपसेट म्हणतो, कपबशीचा सेट म्हणतो, घड्याळ सेट केलं म्हणतो, थोरला पुण्यात सेट झाला म्हणून पेढे वाटतो आणि निवडणुकीचा सुमार आला की 'त्यांची सेटिंग झालीय' असे पारावर कुजबुजतोही. इतका घरचा झालेला शब्द शिकवायचा कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण घडले आहे आणि ते आमच्या चुकीचे आहे. तेव्हा आधी चूक सांगतो, मग धडा.

आमच्या गटातील एका सभासदाचा ऊस शेजाऱ्याच्या बांधावरच्या वाटेने निघतो. वाट बैलगाडीच्या काळापासूनची. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या, वाट रुंद लागू लागली आणि तंटा पेटला. तालुक्याच्या कोर्टात निकाल सभासदाच्या बाजूने लागला. शेजारी जिल्हा कोर्टात अपिलात गेला. पुढे काही दिवसांनी वकिलाच्या कचेरीतून दोन ओळींचे टाइप केलेले इंग्रजी पत्र आले. सभासद ते घेऊन संध्याकाळी आमच्या ओसरीवर आले. "मास्तर, तेवढं वाचून सांगा."

आम्ही चष्मा लावून वाचले. खालच्या कोर्टाचा हुकूमनामा 'सेट असाइड' झाला आहे, पुढील विचारासाठी येऊन भेटावे, असा मजकूर. आम्ही शब्द फोडले. 'सेट' म्हणजे ठेवणे, 'असाइड' म्हणजे बाजूला. खिशातला छोटा कोश काढून खात्रीही करून घेतली. त्यात 'बाजूला काढून ठेवणे, राखून ठेवणे' असेच छापलेले. मग आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले, "तुमचा हुकूमनामा बाजूला राखून ठेवलाय. काळजी नको. सवडीनं भेटून या."

सवड कुठली? तोडणी आलेली, मागून खोडव्याची मशागत, त्यात घरात लग्न. पत्र देव्हाऱ्यामागच्या फळीवर गेले. महिन्यामागून महिने गेले आणि पुढच्या लागणीच्या वेळी शेजाऱ्याने वाटेवर चर खणला. तेव्हा सभासद पुन्हा आले. पत्र आमच्या हातात देत म्हणाले, "तुम्ही मुंबईला निघालाय तर तेवढं कुणा जाणत्याला दाखवा. राखून ठेवलेलं आता काढायला सांगा म्हणावं."

आम्ही निघालो होतो विक्रोळीला. आमची धाकटी बहीण तिथे पूर्वेला कन्नमवारनगरात राहते. घाटकोपर सोडले की पुढचे स्टेशन. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडची किती माणसे त्या कन्नमवारनगरात आणि शेजारच्या टागोरनगरात गेली त्याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. गणपतीत गल्लीतून चालताना आपल्याच बाजारपेठेत आल्यासारखे वाटते. गेली ती पोटासाठी. विक्रोळी म्हणजे कारखान्यांचा गाव. गोदरेजांनी १९४३ साली तिथली जमीन घेतली, पिरोजशानगर वसवले, आणि कुलपे, कपाटे, तिजोऱ्या तिथे बनू लागल्या. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला, १९५१-५२ साली, ज्या लोखंडी मतपेट्या लागल्या त्यांतल्या बारा लाखांहून जास्त पेट्या विक्रोळीत तयार झाल्या. आपल्या आजोबांनी पहिले मत ज्या पेटीत टाकले, ती पेटी कदाचित तिथली असेल.

भाचा तिथल्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. रात्री जेवताना त्याचे बोलणे ऐकत होतो. डाय सेट केली, जॉब सेट झाला, मशीन सेटिंगलाच दोन तास गेले, सेटर आला नव्हता. दर वाक्याला सेट. आम्ही विचारले, "बाबा, तुझ्या या 'सेट'ला मराठीत काय म्हणू?" घास तसाच धरून तो म्हणाला, "मामा, बसवणं. जागच्या जागी नीट बसवणं. कमी नाही, जास्त नाही."

हे उत्तर कोशातल्या उत्तरापेक्षा बरे आहे हे आम्हांस नंतर कळले. त्या वेळी आम्ही खिशातले पत्र काढून दाजींच्या पुढे ठेवले. आमचे दाजी उभी हयात फोर्टमध्ये वकिलांकडे टायपिस्ट होते. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला, पुढे २००९ साली ते बनवणे बंद केले. दाजींचे यंत्र मात्र अजून कपाटावर कापडाखाली आहे. दाजींनी पत्र एकदाच वाचले व आमच्याकडे पाहिले.

"मास्तर, याचा अर्थ त्यांना काय सांगितलात?"

आम्ही सांगितले.

"राखून नाही ठेवला हो. मोडला. रद्द केला. हे गेलेत अपिलात हरून." मग त्यांनी पत्राची तारीख पाहिली. सात महिने उलटले होते. जिल्हा कोर्टाच्या अशा निकालावर हायकोर्टात दुसरे अपील करावयाचे तर मुदत नव्वद दिवसांची असते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. बहिणीच्या घराच्या खिडकीतून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता आणि आमच्या डोक्यात एकच, की तो सभासद इकडे राखून ठेवलेल्या हुकूमनाम्याची वाट पाहत बसला आहे.

सकाळी दाजींनी चहाबरोबर शिकवणी घेतली. ते म्हणाले, "पैसे 'सेट असाइड' केले तर ते राखून ठेवले. पोरीच्या लग्नासाठी, बियाण्यासाठी. कोर्टाने हुकूम 'सेट असाइड' केला तर तो रद्द झाला. शब्द तेच, पण कशाच्या संगतीला आले ते बघायचं. एकच बाई एका घरात सून असते, दुसऱ्या घरात लेक."

आम्ही म्हणालो, ही इंग्रजी भाषाच लबाड. दाजी हसले. "आणि आपली? निकाल लागला म्हणजे काय?"

खरेच आहे. पोराचा निकाल लागला तर गुणपत्रिका आली. आणि कोणाचा निकाल लावला तर त्याची धूळधाण झाली. जप्ती उठवली तर सुटलो, बाजार उठवला तर मेलो. तेव्हा इंग्रजीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बोलून बोलून झिजलेला शब्द कुठल्याही भाषेत असाच असतो. जितका जुना, जितका रोजचा, तितके त्याला अर्थ जास्त.

'सेट' हा त्या जातीचा मेरुमणी. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १९२८ साली पुरा झाला व १९८९ साली त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तीत सर्वांत लांब नोंद या तीन अक्षरांची होती. ४३० वर अर्थ, आणि मजकूर ६०,००० शब्दांच्या आसपास! म्हणजे एका शब्दाचे एक पुस्तक. पुढे त्या कोशाची नव्याने उजळणी चालली तेव्हा २०११ च्या सुमारास 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थ दाखवून त्याला मागे टाकले. तरी सेटचे गाठोडे काही हलके झालेले नाही. सगळे अर्थ पाठ करू म्हणाल तर एक गळीत हंगाम पुरणार नाही. म्हणून मूळ धरावे.

मूळ भाच्याने सांगितले तेच. जुन्या इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि त्याचेच प्रयोजक रूप 'सेट', म्हणजे बसवणे. आपण 'करणे–करवणे' म्हणतो त्यातला प्रकार. आता एक गंमत सांगतो, ती वर्गात सांगितली तर पोरे खूश होतात. संस्कृतात बसणे या अर्थी 'सद्' धातू आहे. इंग्रजीचा हा 'सिट-सेट' आणि आपला 'सद्' एकाच कुळातले, फार जुन्या काळी वेगळे निघालेले भाऊ. सदन, परिषद, संसद, सदस्य हे सारे त्या 'सद्'चे. आणि 'सभासद'ही! सभेत बसतो तो सभासद. म्हणजे आपल्या शेअर सर्टिफिकेटावर जो शब्द छापला आहे त्याच्या पोटात इंग्रजी 'सेट'चा भाऊबंद आहे. वार्षिक सभेला न बसता नुसती सही पाठवणाऱ्यांनी या व्युत्पत्तीचा विचार करावा. (आपले मराठी 'बसणे' मात्र 'उपविश्' या दुसऱ्या धातूवरून आले, त्याची भावकी निराळी.)

तेव्हा 'सेट' दिसला की पहिला प्रश्न : काय बसवले, कुठे बसवले? पुष्कळ वेळा एवढ्यावर काम भागते. 'द डॉक्टर सेट द बोन' – हाड बसवले. पंप पायावर बसवला, अंगठीत खडा बसवला, दगडाला दगड बसवला, सगळीकडे 'सेट'. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवीत, तेही 'सेट' करणेच. आणि टाइपरायटरवर डावीकडचा समास किंवा रकान्याची जागा ठरवतात, तेही 'सेट'. दाजी म्हणतात, रकाना सेट न करता हिशेबाचा कागद टाइप केला तर आकडे जत्रेतल्या माणसांसारखे कुठेही उभे राहतात.

आता आपल्या कारखान्याच्या अंगणात या. मिलच्या रोलरमधली फट बसवतात त्याला सगळे फिटर 'मिल सेटिंग' म्हणतात. बंद हंगामात हे काम चालते तेव्हा बाहेरून काहीच घडत नाहीसे दिसते, आणि सभासद म्हणतात, कारखाना झोपलाय. पण हंगामाचा बराच नफा-तोटा त्या फटीत असतो. तीन रोलर, वरचा एक, खालचे दोन. ऊस आत शिरतो त्या बाजूची फट मोठी, बाहेर पडतो त्या बाजूची लहान, आणि खालच्या दोन रोलरमध्ये चिपाडाला वाट दाखवणारी ट्रॅश प्लेट. फट जास्त राहिली तर रस बगॅसमध्ये जातो, म्हणजे आपली साखर बॉयलरमध्ये जळते. फट फार आवळली तर मिल गुदमरते, ऊस घेत नाही, रोलर घसरतात. शिवाय मिल एक नसते, ओळीने चार-पाच असतात, आणि प्रत्येकीची फट आधीच्या मिलकडून येणाऱ्या चिपाडाच्या मानाने बसवावी लागते. कमी नाही, जास्त नाही, म्हणाला होता ना भाचा, ते हेच.

शेतात तर 'सेट'ने ठाणच मांडले आहे. उसाच्या टिपरीला इंग्रजीत 'सेट' म्हणतात. शेतकी पुस्तकांत शेवटी एक 'टी' जास्त घालून लिहितात, उच्चार तोच. रोप, कंद, टिपरी जमिनीत बसवणे म्हणजेही 'सेट', आणि जी बसवली तीही 'सेट'. दोन डोळ्यांची टिपरी एकरी दहा हजार, डोळे बाजूला येतील अशी मांडायची, ही शिफारस आपण जाणताच. परदेशी शास्त्रज्ञाला आपली सरी दाखवून "आम्ही सेट सेट करतोय" म्हणालात तर त्याला बरोबर कळेल.

इथे आपल्या 'लागण' शब्दाकडेही बघा. आडसाली लागण, सुरू लागण म्हणतो तेव्हा ती मेहनतीची, आनंदाची. गवताळ वाढीची लागण, काणीची लागण म्हटले की कपाळाला हात. 'रानात लागण झाली' एवढेच फोनवर ऐकले तर अभिनंदन करावे की कृषी सहायकाला बोलवावे? पण आपण कधी चुकत नाही, कारण बोलणाऱ्याचा आवाज, महिना, पीक हे सारे आपल्याला ठाऊक असते. इंग्रजी कागदाला आवाज नसतो, तिथे चुकतो.

आणि हा 'लागणे-लावणे'च सेटच्या दुसऱ्या अर्ध्या अर्थांचा धनी आहे. जिथे 'बसवणे' बसत नाही तिथे 'लावणे' लावून पाहा. गजर लावला, सापळा लावला, आग लावली, गाण्याला चाल लावली, या सगळ्यांना इंग्रजीत 'सेट' चालतो. विरजलेले दही लागले, तर इंग्रजी दहीही 'सेट' होते. झड लागली, आता आठ दिवस उघडत नाही, याला 'सेट इन'. मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, त्यात 'लागणें' उघडून बघावे. साहेबाचाही जीव मेटाकुटीला आला असेल. 'बसणे' घ्या. विहिरीवर पंप बसला तर बरे, विहीरच बसली तर वाईट. हात बसला तर कारागीर, घसा बसला तर मुका, धंदा बसला तर भिकारी. व्याज बसते, दंड बसतो, घडी बसते, ठेच बसते. एखादा इंग्रज हे पाठ करताना आपल्यालाच शिव्या देत असेल.

काही अर्थ मात्र दोन्हींत मावत नाहीत, ते सोडून द्यावे व ओळखीने लक्षात ठेवावे. सूर्य 'सेट' होतो म्हणजे मावळतो. सिमेंट 'सेट' होते म्हणजे घट्ट धरते. मास्तर पेपर 'सेट' करतो म्हणजे प्रश्नपत्रिका काढतो. यात कसलीही सेटिंग नसते, निदान नसावी. आणि पंपसेट, टीव्ही सेट, कपबशीचा सेट यांतला 'सेट' मुळात नाम आहे आणि तो दुसऱ्या घरातून आलेला आहे. लॅटिनमधल्या 'सेक्टा'पासून, म्हणजे पंथ-मंडळी या अर्थाच्या शब्दापासून, फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत शिरला आणि रूप सारखे म्हणून या क्रियापदात मिसळून गेला. आपल्याकडे 'पोरगा सेट झाला' म्हणतात तो वापर आपण आपल्या सोयीने केला आहे. इंग्रज तिथे 'सेटल' म्हणेल, ते क्रियापद वेगळे. आमचे त्याबद्दल काही म्हणणे नाही. पोरगा खरोखर सेट झाला म्हणजे झाले.

व्याकरणाची एक खोड सांगून कागदपत्रांकडे वळतो. या क्रियापदाचे रूप भूतकाळात बदलत नाही. आजही 'सेट', कालही 'सेट', झालेले असले तरी 'सेट'. 'दे सेट द प्राइस' यावरून ते भाव ठरवतात की त्यांनी भाव ठरवला, हे एकट्या वाक्यावरून कळत नाही. मागचे-पुढचे वाचावे लागते. आपल्या उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार हंगामाआधी 'सेट' करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरला. इथे 'सेट'चा अर्थ ठरवणे, कायम करणे. बसवणेच, पण आकडा बसवणे.

आता मुख्य. 'सेट'च्या शेपटाला एखादा छोटा शब्द लागला की मूळ अर्थ धरून चालत नाही. आम्ही ठेच खाल्ली ती इथेच. इंग्रजीत ही शेपटे फसवी. गाडीचे स्टिअरिंग हातभर, पण गाडी त्याच्याच सांगण्याने वळते.

'सेट अप' म्हणजे उभारणे, स्थापन करणे. यात धोका नाही. 'सेट आउट' माणसाने केले तर तो निघाला. करारात अटी 'सेट आउट' असल्या तर त्या खाली मांडून दिल्या आहेत. अटी कुठे निघून गेल्या असे समजून न वाचता सही करू नये. 'सेट बॅक' म्हणजे पीछेहाट, असे शाळेत शिकवतात. पण कन्नमवारनगरात इमारती पाडून नव्या बांधण्याच्या सभा चालतात, त्यांतल्या एका सभेला आम्ही त्या मुक्कामात दाजींबरोबर जाऊन बसलो. बिल्डरच्या माणसाने 'सेटबॅक एवढा जाणार' म्हटल्यावर आमच्या शेजारचे एक आजोबा घाबरून म्हणाले, "म्हणजे काम मागं पडणार?" तसे नव्हते. रस्ता रुंद करण्यासाठी महानगरपालिकेला जी जागा सोडावी लागते तिला मुंबईत सेटबॅक म्हणतात. दोन-तीन जणांनी समजावले तेव्हा आजोबा शांत झाले. आम्ही मात्र मनात म्हणालो, इथे विचारायला माणसे होती, आपल्या सभासदाला आम्ही होतो.

'सेट ऑफ' तर आपणां सभासदांच्या अगदी खिशातला. दिवाळीत पोरे फटाके 'सेट ऑफ' करतात, म्हणजे उडवतात. प्रवासी 'सेट ऑफ' होतात, म्हणजे निघतात. आणि हिशेबाच्या कागदावर 'सेट ऑफ' आले की अर्थ होतो वजावट. तुमचे येणे आणि तुमचे देणे समोरासमोर धरून जुळवून टाकणे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० याचे ४६ वे कलम यावरच आहे. सभासदाकडे संस्थेचे देणे असेल तर त्याच्या शेअरवर व ठेवीवर संस्थेचा बोजा राहतो आणि त्याला द्यावयाची रक्कम संस्था त्या देण्यात वळती करू शकते. ही वळती करण्याची क्रिया म्हणजे 'सेट ऑफ'. एका पत्रात 'अमाउंट सेट ऑफ' वाचून रक्कम रवाना झाली असे समजून बँकेत तीन हेलपाटे घालणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. रक्कम रवाना झाली नव्हती, कर्जात जिरली होती. शंका असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या देण्यापोटी, किती, हे लेखी मागावे.

आणि 'सेट असाइड'. पुन्हा सांगतो, कारण या दोन शब्दांनी आमची झोप घेतली आहे. पैसा, वेळ, धान्य यांच्या संगतीत : राखून ठेवणे. हुकूम, निकाल, निवाडा, निवडणूक, ठराव यांच्या संगतीत : रद्द करणे. मग तो हुकूम तुमच्या बाजूचा होता की विरुद्ध, हे पाहावे. विरुद्धचा रद्द झाला तर गूळ वाटा. गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो 'सेट असाइड' करून मागण्याचा अर्जही असतो, त्याला मुदत तीस दिवसांची. बाजूचा रद्द झाला तर त्याच आठवड्यात वकिलाची पायरी चढा. सहकार न्यायालयाच्या निकालावर अपिलाची मुदत दोन महिने, आणि दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात तीस दिवस. मुदत सुगी संपायची वाट पाहत नाही.

आमच्या सभासदाचे पुढे काय झाले ते विचाराल. विक्रोळीहून परत आल्यावर आम्ही घरी न जाता स्टँडवरून थेट त्यांच्या वस्तीवर गेलो. ते वैरण कापत होते. आम्ही उभ्या उभ्या सगळे सांगितले, आमचे चुकले म्हणालो. ते विळा खाली ठेवून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही इंग्रजी वाचता म्हणून आम्ही आणलं. आम्हाला वाचता आलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" यावर उत्तर नव्हते. बाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

विलंब माफीच्या अर्जासह हायकोर्टात अपील दाखल झाले आहे. उशीर का झाला याचे प्रतिज्ञापत्र करताना वकिलांनी आमचेही निवेदन घेतले. चुकीचा अर्थ आम्ही सांगितला, हे आम्ही त्यात स्वच्छ लिहून दिले आहे. अजून निकाल लागायचा आहे. तोवर त्यांच्या त्या दीड एकरातला ऊस तोडकरी मोळ्या डोक्यावर घेऊन ओढ्याच्या कडेने रस्त्यापर्यंत आणतात, आणि त्याची जादा मजुरी सभासद पदरची देतात.

तेव्हापासून आम्ही एक केले आहे. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच आम्ही गट कार्यालयात बसतो. (इथे 'सिट'.) कोणाही सभासदाने इंग्रजी पत्र, नोटीस, बँकेचा कागद आणावा, वाचून सांगू. मात्र कोर्टाचा कागद असेल तर आम्ही फक्त तारीख आणि मुदत यांवर बोट ठेवू आणि वकिलाकडे पाठवू. अर्थ सांगण्याचा मोह आम्ही सोडला आहे.

घरच्या अभ्यासासाठी चार वाक्ये देतो, पोरांकडून सोडवून घ्या व स्वतःही पाहा. 'द मून हॅज सेट.' 'ही सेट हिज डॉग ऑन द थीफ.' 'द सोसायटी सेट असाइड फंड्स फॉर द स्कूल.' 'द कोर्ट सेट असाइड द इलेक्शन.' शेवटच्या दोन वाक्यांत शाळेला पैसे मिळाले का आणि निवडून आलेला संचालक राहिला का, एवढे लिहून चिठ्ठी गट कार्यालयातील पेटीत टाकावी. पुढील अंकी 'रन' घेऊ. पंप 'रन' होतो, कारखाना 'रन' होतो, उमेदवार निवडणुकीत 'रन' करतो आणि विहीर 'रन ड्राय' होते, तिथून सुरुवात करू.